वैद्यकीय इच्छापत्र : पूर्वनिर्णय, प्रतिनिधी आणि साक्ष

निर्णयक्षमता शाबूत असताना, ती पुढे कधी तरी नष्ट होईल हे गृहीत धरून, त्या अवस्थेत आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवून ठेवणे, या क्रियेस प्रस्तुत विवेचनात पूर्वनियोजन ही संज्ञा दिली आहे. पूर्वनियोजनातून जो लेखी दस्तऐवज सिद्ध होतो तो वैद्यकीय इच्छापत्र. बोलण्याचे दायित्व ज्याच्यावर त्या दस्तऐवजाने सोपवलेले असते तो प्रतिनिधी. आणि उपचारासंबंधीची माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांची जाण असणे व तो निर्णय बोलून, लिहून किंवा खुणेने कळवता येणे, या तिहींचा समुच्चय म्हणजे निर्णयक्षमता. हे शेवटचे लक्षण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या चौथ्या कलमात थोड्याफार फरकाने आले आहे. शारीरिक आजारांच्या विचारातही ते पुरेसे ठरते.

या लक्षणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, निर्णयक्षमता निर्णयसापेक्ष असते. बँकेचे व्यवहार ज्यांना आता उमजत नाहीत अशा आजींना नाकातून नळी घालून घ्यायची आहे की नाही, हे स्वच्छ सांगता येऊ शकते. एका विषयातील अक्षमतेवरून दुसऱ्या विषयातील अक्षमतेचे अनुमान काढणे सदोष होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्षमता आहे तोवर इच्छापत्र मूक असते. रुग्ण शुद्धीवर असून बोलू शकत असेल तर डॉक्टरांनी कागद पाहायचा नसतो, रुग्णाला विचारायचे असते. आणि त्याचे आजचे उत्तर कालच्या लेखाविरुद्ध असेल तर आजचे उत्तर प्रमाण. सही केली की उपचारांचे दार बंद होते, ही भीती अनेक वृद्धांच्या मनात असते. वरील नियम ध्यानात आला की तिला आधार उरत नाही.

लक्ष्याचे रूप निश्चित होण्यासाठी त्याच्यासारख्या भासणाऱ्या पण त्याहून भिन्न अशा पाच गोष्टी वेगळ्या काढणे अवश्य आहे. (1) मृत्युपत्र. ते मालमत्तेविषयी असते आणि मृत्यूनंतर अमलात येते. वैद्यकीय इच्छापत्र देहाविषयी असते आणि मृत्यूच्या क्षणी त्याचा अंमल संपतो. उपचारांसंबंधीची वाक्ये मृत्युपत्रात घालून ते लॉकरमध्ये ठेवणे निरुपयोगी आहे, कारण ते उघडले जाईपर्यंत त्या वाक्यांचा विषयच संपलेला असतो. (2) मुखत्यारपत्र. आईवडिलांनी मुलाच्या नावे सर्वाधिकार मुखत्यारपत्र केले म्हणजे दवाखान्याचाही प्रश्न सुटला, असा समज व्यापक आहे. परंतु भारतीय करार अधिनियम, 1872 च्या 201 व्या कलमानुसार अधिकार देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारीही संपुष्टात येते. म्हणजे ज्या अवस्थेसाठी हा आधार शोधला, नेमक्या त्याच अवस्थेत तो निखळतो. (3) देहदान व अवयवदान यांची संमतिपत्रे. ही मृत्यूनंतरच्या देहाविषयी असतात. त्यांचा इच्छापत्राशी एका ठिकाणी गुंता होतो. त्याचा विचार पुढे येईल. (4) सक्रिय दयामरण, म्हणजे मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने औषध देणे. भारतात ते बेकायदेशीर आहे आणि कोणत्याही इच्छापत्राने ते मागता येत नाही.

(5) प्रायोपवेशन. महाराष्ट्राच्या स्मरणात याची दोन ठळक उदाहरणे आहेत: फेब्रुवारी 1966 मध्ये वि. दा. सावरकरांनी व नोव्हेंबर 1982 मध्ये पवनार येथे विनोबा भावे यांनी अन्न व औषधे वर्ज्य करून देह ठेवला. जैन परंपरेतील सल्लेखनाही याच वर्गात मोडते. या आचारांविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांची रचना इच्छापत्राच्या रचनेच्या उलट आहे. प्रायोपवेशनात कर्ता अखेरपर्यंत निर्णय घेण्यास समर्थ असावा लागतो. दर दिवशी तो आपला संकल्प नव्याने करीत असतो. इच्छापत्राची गरज मात्र कर्ता संकल्प करण्यास असमर्थ झाल्यावरच उद्भवते. म्हणून प्रायोपवेशनाचे समर्थन वा खंडन करणाऱ्या युक्तिवादांनी इच्छापत्राविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता विधीचा विचार. संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात मरण्याचा हक्क अंतर्भूत नाही, मात्र नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली असता सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असे विधान सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ग्यान कौर प्रकरणात केले. या विधानाचा पहिला कस मुंबईतील एका प्रकरणात लागला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 रोजी झालेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ चेतनाहीन अवस्थेत होत्या. त्यांचे पोषण थांबवावे अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने ती नाकारली, परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केले. अरुणा शानबाग यांचा मृत्यू पुढे 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने झाला.

या निकालातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जातो. अरुणा शानबाग यांनी काय सांगून ठेवले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंचविशीतल्या तरुणीने तसे काही सांगून ठेवण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे न्यायालयापुढे वैद्यकीय प्रश्नाच्या आधी एक निराळा प्रश्न उभा राहिला: त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? सदतीस वर्षे अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा तो अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरवले. आणि त्यांना शानबाग जगायला हव्या होत्या. उपचार कोणता हा प्रश्न दुय्यम असून वाणी कोणाची हा प्रश्न प्रथम आहे, हे या प्रकरणावरून दिसते. पुढील प्रतिपादन या क्रमावर उभे आहे.

इच्छापत्राला स्वतंत्र मान्यता मिळाली ती 9 मार्च 2018 रोजी, कॉमन कॉज या संस्थेने 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेवरील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालाने. मान्यता मिळाली, परंतु मार्ग दुर्गम राहिला. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती आणि अंमलबजावणीपूर्वी त्यांनी रुग्णाला प्रत्यक्ष पाहणेही आवश्यक होते. अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने ही अडचण न्यायालयापुढे मांडली आणि 24 जानेवारी 2023 रोजी दुसऱ्या घटनापीठाने प्रक्रिया सुलभ केली. आज लागू असलेला क्रम असा: सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने स्वेच्छेने लेखी इच्छापत्र करावे, त्यावर दोन, शक्यतो स्वतंत्र, साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ते साक्षांकित करावे, त्यात एक किंवा अधिक पालक वा निकटच्या नातेवाइकांची नावे असावीत. त्याची प्रत नामनिर्देशित व्यक्तींना, कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला द्यावी. रुग्ण असाध्य अवस्थेत असून बरे होण्याची आशा उरलेली नसेल आणि त्याची निर्णयक्षमताही लोपली असेल, तर रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर व किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, शक्यतो 48 तासांत मत देते. त्यानंतर दुय्यम मंडळ पुन्हा तपासणी करते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांना आता केवळ कळवायचे असते. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयाकडे जाता येते. इच्छापत्र नसेल तर हाच क्रम कुटुंबीयांच्या संमतीने चालतो.

अभिरक्षकांची तरतूद बराच काळ कागदावरच होती. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्र शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यातील प्रक्रियेचा आरंभ केला. कर्नाटक शासनाने जानेवारी 2025 मध्ये याविषयी परिपत्रक काढले.

विधीचा हा सांगाडा समजला तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतो: इच्छापत्रात लिहायचे काय? येथे निकालातील दोन अटी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. पहिली अट: लेख अस्पष्ट वा संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळांनी त्याची अंमलबजावणी करू नये. दुसरी अट: लेख करताना कर्त्याच्या ध्यानात न आलेली परिस्थिती उद्भवली असेल, आणि ती आधी कळली असती तर त्याचा निर्णय बदलला असता असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर त्या उपचारापुरता लेख लागू होत नाही. पहिल्या अटीमुळे लेखकर्ता तपशिलाकडे ओढला जातो आणि व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, सीपीआर नको अशी यादी तयार होते. पण यादी जितकी काटेकोर, तितकी तिच्या बाहेरची परिस्थिती उद्भवण्याची शक्यता अधिक; म्हणजे पहिली अट पाळता पाळता लेख दुसऱ्या अटीच्या कक्षेत जातो.

ही अडचण शब्दांच्या निवडीने सुटत नाही, कारण ती भविष्याच्या स्वरूपातून आलेली आहे. जीवनाचा अंत साधारणतः चार मार्गांनी येतो. एक: कर्करोगासारखा, ज्यात दीर्घकाळ कार्यक्षमता टिकते आणि अखेरच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने ऱ्हास होतो. दोन: हृदय, फुफ्फुस किंवा मूत्रपिंड निकामी होत जाण्याचा, ज्यात दर थोड्या महिन्यांनी रुग्णालयात दाखल व्हावे लागते, प्रत्येक वेळी रुग्ण सावरतो पण पूर्वीच्या पायरीवर येत नाही, आणि कोणती भरती शेवटची हे आधी सांगता येत नाही. तीन: वार्धक्यातील क्षीणतेचा व स्मृतिभ्रंशाचा, ज्यात वर्षानुवर्षे मंद उतरण असते. चार: आकस्मिक, म्हणजे अपघात किंवा मेंदूतील मोठा रक्तस्राव. एकच उपचार या चार मार्गांवर चार वेगळे अर्थ धारण करतो. न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेला व्हेंटिलेटर दुसऱ्या मार्गावरील रुग्णाला पुन्हा घरी आणू शकतो. कर्करोगाच्या अंतिम टप्प्यात तोच व्हेंटिलेटर मृत्यूची प्रक्रिया लांबवतो. अकस्मात थांबलेले हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी सीपीआर योजले गेले. सर्व अवयव एकामागून एक थांबत आले असता छातीवर दाब देऊन फासळ्या मोडतील, मूळ व्याधी मात्र तशीच राहील. तेव्हा 'व्हेंटिलेटर नको' या वाक्याला मार्ग व टप्पा यांच्या निर्देशाविना निश्चित अर्थच नाही.

यावरून साध्य आणि साधन हा भेद करावा लागतो. उपचार हे साधन आहे. त्यातून व्यक्ती जी अवस्था परत मिळवू इच्छिते ती साध्य. साधनांची योग्यता परिस्थितीनुसार पालटते. साध्याविषयीची व्यक्तीची धारणा तुलनेने स्थिर असते, कारण ती तिच्या स्वभावातून व जीवनक्रमातून आलेली असते. म्हणून इच्छापत्रात साध्य नियमरूपाने आणि साधने उदाहरणरूपाने यावीत. 'माझ्या माणसांना ओळखणे आणि माझे म्हणणे त्यांना कळवणे हे दोन्ही परत मिळण्याची वाजवी शक्यता नाही असे दोन्ही वैद्यकीय मंडळांचे मत झाल्यास, मृत्यू केवळ लांबवणारे उपचार, उदाहरणार्थ व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधे, सुरू करू नयेत आणि सुरू असल्यास थांबवावेत. वेदना, धाप व अस्वस्थता यांवरील उपचार मात्र अखेरपर्यंत पूर्णपणे द्यावेत.' या वाक्यात कसोटी स्पष्ट आहे, त्यामुळे पहिली अट पुरी होते. आणि कसोटी कोणत्याही एका आजाराला बांधलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या अटीला सहसा अवकाश राहत नाही.

त्या वाक्यातील दोन अंगांवर अधिक बोलणे अवश्य आहे. 'सुरू असल्यास थांबवावेत' हे शब्द वगळू नयेत. एकदा व्हेंटिलेटर लावला की तो काढता येत नाही, काढणे म्हणजे मारणे, अशी समजूत रुग्णांच्या नातेवाइकांत आहे आणि काही डॉक्टरांतही आहे. निरुपयोगी ठरलेला उपचार सुरू न करणे आणि सुरू केलेला थांबवणे यांत नैतिक भेद नाही. दोहोंत मृत्यूचे कारण व्याधीच असते. ही समजूत दूर झाली तर कालबद्ध उपचार शक्य होतो: तीन किंवा पाच दिवस सर्व प्रयत्न करावेत, कोणत्या खुणांवरून सुधारणा मानायची ते आधी ठरवावे, आणि मुदतीअंती पुन्हा बसून विचार करावा. पुष्कळ कुटुंबांना 'सर्व करा' आणि 'काहीच करू नका' या दोन टोकांमधला हा मार्ग कोणी सांगितलेलाच नसतो. दुसरे अंग वेदनाशमनाचे. उपचार थांबवणे आणि शुश्रूषा थांबवणे या भिन्न क्रिया आहेत. आज पैसे संपल्यावर किंवा आशा संपल्यावर कुटुंब 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' अशा कागदावर सही करून रुग्णाला घरी नेते. तेथे मॉर्फिन नसते, धाप लागल्यास काय करायचे हे सांगणारे कोणी नसते. पॅलिएटिव्ह केअरची परंपरा आपल्याकडे नवी नाही: वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून कार्यरत आहे आणि पुण्यात सिप्लाचे केंद्र 1997 मध्ये सुरू झाले. इच्छापत्रात या उपचाराची मागणी स्पष्ट शब्दांत असावी. जे नको आहे त्याची यादी करणारे आणि जे हवे आहे त्याविषयी मौन पाळणारे इच्छापत्र अर्धेच आहे.

अवयवदानाचा गुंता येथेच सोडवावा. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमानुसार मस्तिष्कस्तंभ मृत झाल्याची खात्री किमान सहा तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांनी करावी लागते आणि या काळात व अवयव काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू असावा लागतो. ज्याने व्हेंटिलेटर सरसकट नाकारला आहे आणि अवयवदानाचे कार्डही भरले आहे, त्याच्या दोन इच्छा परस्परांना छेदतात. 'अवयवदानासाठी आवश्यक तेवढा काळ यंत्रांचा वापर चालेल' हे एक वाक्य लिहिल्याने विरोध मिटतो.

साध्य नियमरूपाने लिहिले तरी ते विशिष्ट रात्री, विशिष्ट रुग्णाला लागू करण्याचे काम कागद स्वतः करू शकत नाही. ते प्रतिनिधीला करावे लागते. त्याच्या कार्याचे स्वरूप काय, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर नातेवाइकाला तीन प्रकारचे प्रश्न विचारू शकतात. (अ) तुम्हाला काय वाटते? (आ) यांच्या हिताचे काय आहे? (इ) ते आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच येतील असे नाही. पहिला प्रश्न नातेवाइकाला निर्णयकर्ता बनवतो, दुसरा त्याला न्यायाधीश बनवतो, तिसरा त्याला साक्षीदार बनवतो. प्रतिनिधीने संमती द्यायची ती इच्छापत्राशी सुसंगतच द्यायची, असे निकालात म्हटले आहे. याचा अर्थ तो तिसऱ्या प्रश्नाला बांधलेला आहे. त्याने निर्णय घ्यायचा नाही. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाची साक्ष द्यायची.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. वडील बोलत नाहीत, बिल वाढते आहे, काकांचे मत एक आणि बहिणीचे दुसरे, अशा स्थितीत मुलाला पहिला प्रश्न विचारला की त्याच्या तोंडून सहसा 'जे करता येईल ते सगळं करा, डॉक्टर' हे वाक्य येते. ते वाक्य उपचारांची निवड म्हणून ऐकणे चूक आहे. ती निष्ठेची ग्वाही असते. 'थांबवा' म्हणणारा मुलगा आपण वडिलांना सोडले या शंकेसह पुढची वर्षे जगतो, आणि ती शंका दूर करू शकणारी एकमेव व्यक्ती आता हयात नसते. तिसरा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर आधीच मिळालेले असले, तर तो मुलगा 'बाबांनी मला हे सांगितले होते' एवढेच म्हणतो. निर्णय ज्याचा होता त्याच्याकडेच राहतो. इच्छापत्राचा सर्वांत मोठा उपयोग करणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांना होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत या कारणामुळे आहे.

साक्षीदाराची योग्यता तीन गुणांवर अवलंबून असते. तो उपलब्ध असावा. त्याला ज्ञान असावे, म्हणजे त्याच्याशी सविस्तर बोलणे झालेले असावे. आणि स्वतःच्या इच्छेविरुद्ध साक्ष देण्याचे बळ त्याच्यात असावे. तिसरा गुण दुर्मीळ आहे, आणि तो थोरल्या मुलात किंवा जोडीदारात असेलच असे नाही. जिचे आपल्यावर निरतिशय प्रेम आहे अशी व्यक्ती कित्येकदा याच कारणाने या कामास असमर्थ असते. तिला वगळण्यात तिचा अनादर नाही. उपलब्धतेचा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यमवर्गात एका विशेष रूपाने येतो. आईवडील पुण्यात किंवा ठाण्यात, आणि दोन्ही मुले न्यू जर्सीत किंवा सिडनीत. अशा घरात परदेशस्थ मुलाबरोबरच येथे राहणाऱ्या भाचीचे किंवा पुतण्याचे नाव घालावे, दोघांत मतभेद झाल्यास कोणाचे प्रमाण हे लिहावे, आणि तिघांनी एकदा तरी एकत्र बोलावे. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठी याच्या उलट सूचना आहे: येथले इच्छापत्र तेथे चालेल असे गृहीत धरू नये. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कायदा व नमुना स्वतंत्र आहे.

दुसरा गुण, म्हणजे ज्ञान, संवादाशिवाय येत नाही. पूर्वनियोजनाचे टप्पे चिंतन, संवाद, लेखन, निक्षेप (म्हणजे प्रती योग्य हाती सोपवणे) आणि पुनरावलोकन असे पाच मानले, तर त्यांपैकी लेखन व निक्षेप एका दिवसात होतात. संवाद मात्र टाळला जातो. 'वास्तू तथास्तु म्हणते' या धारणेने घरात मरणाचा उच्चार अशुभ मानला जातो. ही धारणा खोडून काढण्यात शक्ती खर्च करू नये. तिच्या मुळाशी माणूस गमावण्याचे भय आहे आणि ते खरे आहे. संवादाला प्रसंग लागतो, तो आयता मिळतो: नात्यातील कोणाचे रुग्णालयातील शेवटचे आठवडे, स्वतःची ठरलेली शस्त्रक्रिया, किंवा हृदयविकाराच्या रुग्णाचा नुकताच झालेला डिस्चार्ज. 'वहिनींचं जे झालं, तसं तुमच्या बाबतीत आम्ही काय करावं, आई?' एवढा प्रश्न पुरतो. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असता मात्र प्रसंगाची वाट पाहू नये, कारण त्या मार्गावर सर्वांत आधी निर्णयक्षमताच जाते.

संवाद झाला तरी तो अपुरा राहण्याची भीती असते, कारण वृद्धांची उत्तरे बहुधा ठरावीक वाक्यांत येतात आणि ऐकणाऱ्याला ती समजल्यासारखी वाटतात. 'कुणावर भार नको' या वाक्याचे किमान तीन अर्थ संभवतात: माझ्यावर पैसे उधळू नका, माझे शौचादी विधी दुसऱ्याने करावेत हे मला असह्य आहे, किंवा, तुम्हाला मी नकोशी झाले आहे का ते मला सांगा. पहिल्या अर्थाला खर्चाच्या मर्यादेची तरतूद हे उत्तर आहे, दुसऱ्याला प्रशिक्षित परिचारिकेची व्यवस्था, आणि तिसऱ्याला कोणतेही कलम उत्तर नाही. त्याला जवळ बसणे हेच उत्तर. 'नळ्या-बिळ्या नकोत' म्हणणाऱ्याला आठ दिवसांची सलाइनची नळी नको आहे की अन्न देण्यासाठी कायमची घातलेली नळी, हे विचारावे लागते. 'शेवटी घरी न्या' याचा अर्थ घरात प्राण जावा असाही असतो, आणि एकटे ठेवू नका एवढाच असतो. दुसरा अर्थ असेल तर ज्या रुग्णालयात जवळच्यांना शेजारी बसू देतात तेथेही ती इच्छा पुरी होते. 'हातपाय चालते असताना जावं' ही प्रार्थना आहे, सूचना नव्हे. तिच्यापुढे 'आणि हातपाय चालेनासे झाले तर?' हा प्रश्न विचारावाच लागतो. प्रत्येक उत्तरानंतर 'म्हणजे कसं?' असे एकदा विचारणे, एवढीच या संवादाची पद्धती आहे. आणि जे ऐकले ते त्याच दिवशी, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. इच्छापत्राला जोडलेली अशी टिपणे वैद्यकीय मंडळासमोर साक्षीचे बळ वाढवतात.

आक्षेपांपैकी दोनच विचारार्ह आहेत. पहिला: वारस गैरवापर करतील. दोन मंडळांची तपासणी हा यावरील मुख्य बांध आहे. याखेरीज ज्यांना मालमत्ता मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, इतकी काळजी कर्त्याने घ्यावी. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आज धडधाकट असलेल्या माणसाने उद्याच्या विकल माणसाचा निर्णय घ्यावा हे न्याय्य आहे काय? माणूस विकलतेशी जुळवून घेतो. जे जिणे पूर्वी असह्य वाटले असते त्यातही त्याला गोडी वाटू लागते. याचे सामान्य उत्तर पुनरावलोकन हे आहे: नवे निदान, जोडीदाराचा मृत्यू किंवा दर काही वर्षांचा कालावधी अशा निमित्ताने लेख पुन्हा वाचावा. तो केव्हाही लेखी रद्द करता येतो, आणि एकाहून अधिक लेख असल्यास शेवटी सही केलेला प्रमाण. परंतु स्मृतिभ्रंशात हे उत्तर अपुरे पडते. नावगाव विसरलेली पण अंगणातल्या उन्हात बसून आनंदाने शिरा खाणारी वृद्धा आणि 'अशा अवस्थेत जगणे मला नको' असे दहा वर्षांपूर्वी लिहिणारी तीच स्त्री, यांत कोणाची इच्छा पाळावी? भारतातील निकालाची मर्यादा येथे उपकारक आहे: असाध्य, आशाहीन अवस्था येईपर्यंत इच्छापत्र लागूच होत नाही, म्हणून ती वृद्धा निर्धास्तपणे शिरा खाऊ शकते. त्या मर्यादेनंतरही, रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसणारे समाधान पुरावा म्हणून मानावे की लेखच मानावा, हे कर्त्याने स्वतः एका वाक्यात सांगून ठेवावे.

मानसिक आजारांसाठीचे पूर्वनिर्देश ही वेगळी शाखा आहे. तिला 2017 च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमाचा थेट आधार आहे, कोणत्या प्रकारे उपचार व्हावेत व होऊ नयेत हे दोन्ही तीत लिहिता येते आणि चौदाव्या कलमानुसार प्रतिनिधी नेमता येतो. तातडीच्या उपचारांना मात्र ती लागू नाही. या शाखेला संसदेचा कायदा आहे, तर मरणासन्न अवस्थेतील इच्छापत्राला केवळ न्यायनिर्णयाचा आधार आहे. संसद कायदा करीपर्यंत आपले निर्देश लागू राहतील, असे न्यायालयाने 2018 मध्येच म्हटले होते.

तो कायदा होईल तेव्हा त्याने तीन उणिवा भरून काढाव्यात. निकालाची भाषा पालक व निकटच्या नातेवाइकांची आहे. अविवाहित, निपुत्रिक किंवा कुटुंबापासून दुरावलेल्या व्यक्तीचा साक्षीदार बहुधा मित्र किंवा शेजारी असतो, आणि त्याला निःसंदिग्ध स्थान मिळाले पाहिजे. दुय्यम मंडळाची रचना मोठ्या शहरातील रुग्णालयांना साधते. गडचिरोलीतील किंवा सिंधुदुर्गातील लहान रुग्णालयाला पाच वर्षांच्या अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ कोठून मिळावेत, याचे उत्तर कायद्यात हवे, आणि दूरस्थ तपासणीची मुभा हे त्याचे एक उत्तर होऊ शकते. तिसरी उणीव निक्षेपाची. रुग्ण रात्री दोन वाजता दाखल होतो आणि महापालिकेतील अभिरक्षकाचे कार्यालय सकाळी उघडते. तोवर घशात नळी गेलेली असते. इच्छापत्र डिजिटल आरोग्यनोंदीत ठेवण्याची मुभा 2023 च्या निकालाने दिली आहे, परंतु ती नोंद कोणत्याही रुग्णालयाला कोणत्याही वेळी पाहता येईल अशी व्यवस्था झाल्याखेरीज त्या मुभेचा उपयोग नाही. ती होईपर्यंत एक प्रत घरातील वैद्यकीय फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डांच्या वर लावावी, एक छायाचित्र प्रत्येक प्रतिनिधीच्या मोबाइलमध्ये असावे, आणि रुग्णालयात भरती करताना आधार कार्डाबरोबरच ती प्रत केसपेपरला जोडायला सांगावी.